सायकलीची हत्यारं: आधी कागद, मग पंप, मग बाकीचं

माझ्या माळ्यावर एक काळी प्लास्टिकची पेटी आहे. आत सदतीस हत्यारं, प्रत्येकाला त्याच्या मापाचा खळगा. सायकल घेतली त्याच आठवड्यात ती ऑनलाइन मागवली होती. सहा वर्षांत त्यातली पाच हत्यारं वापरली आणि पाचांपैकी दोघांनी दगा दिला: चार नंबरची, म्हणजे ४ मिलिमीटरची षटकोनी, एल-की हँडलच्या बोल्टमध्येच गोल झाली आणि चेन कटरची पिन पहिल्याच चेनला वाकली. उरलेली बत्तीस ज्या भागांसाठी आहेत, त्यातले निम्मे भाग माझ्या सायकलीला नाहीतच.

त्यामुळे नवी सायकल घेतलेल्या कुणी "कुठलं टूलकिट घेऊ?" असं विचारलं की मी उलट विचारते, "तुझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह कुठला आहे?" बहुतेकांना सांगता येत नाही. मलाही येत नव्हतं.

दुकानात जाण्याआधी: एक कागद

सायकल उजेडात उभी करा आणि पाच गोष्टी लिहून काढा. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि पुढची सगळी खरेदी त्यावर ठरते.

पहिली गोष्ट व्हॉल्व्ह. आपल्याकडे तीन प्रकार दिसतात. दूधवाल्याच्या काळ्या दणकट सायकलीला असतो तो वूड्स, त्यालाच डनलॉप व्हॉल्व्हही म्हणतात. वरची चाकी सोडली की आतली कांडी बाहेर येते आणि तिच्यावर बारीक रबरी नळी चढवलेली असते. असल्या सायकलीची हवा रोज उतरत असेल तर पंक्चर शोधण्याआधी ती नळी बघा, बरेचदा तीच चिरलेली असते. दुसरा श्रेडर, म्हणजे मोटारसायकलला असतो तोच. तिसरा प्रेस्टा: बारीक, उंच, टोकाला एवढीशी चाकी. ती चाकी आधी सैल करून टोक एकदा दाबल्याशिवाय हवा आत जात नाही. पेट्रोल पंपावरचं नोझल प्रेस्टाला बसत नाही. त्यासाठी पितळेचा एक छोटा अडॅप्टर मिळतो, नखाएवढा. तो नसल्यामुळे मी एकदा नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या रस्त्यावरून सायकल ढकलत आले आहे. वाटेत तीन दुकानं लागली, तिन्हीकडे कॉम्प्रेसर होता. तो अडॅप्टर आता किल्ल्यांच्या जुडग्यात असतो.

दुसरी गोष्ट टायरचा आकडा. टायरच्या कडेवर ४०-६२२ असं काहीतरी कोरलेलं असतं. त्यातले ४० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि ६२२ म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, तोही मिलिमीटरमध्ये. इंचांवर विसंबू नका. "सव्वीस इंची" माउंटन बाइकचा आकडा ५५९ आणि २६ × १ ३/८ या जुन्या मापाचा ५९०. नाव एक, पण एकाचा टायर दुसऱ्यावर बसणार नाही. उलट ७००सी आणि २९ इंच ही नावं वेगळी असली तरी दोन्हींचा आकडा ६२२ च आहे. मोठ्या काळ्या सायकलींचं २८ × १ १/२ म्हणजे ६३५. ट्यूब थोडीफार ताणली जाते, टायर अजिबात नाही.

तिसरी गोष्ट, चाक कशाने धरलंय. नट असेल तर पाना लागणार, मागच्या चाकाला बहुधा १५ नंबरचा. खटक्याचा क्विक रिलीज असेल तर काहीच नको. नव्या सायकलींना चाकाच्या आरपार जाणारा थ्रू-अ‍ॅक्सल असतो, त्याला बहुतेक वेळा ५ किंवा ६ नंबरची एल-की.

चौथी गोष्ट ब्रेक: रिमवर दाबणारे, केबलचे डिस्क की तेलाचे डिस्क. तेलाचे असतील तर ब्रेकच्या लिव्हरवर किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेलं तेल बघून ठेवा. काहींना मिनरल ऑइल लागतं, काहींना डॉट फ्लुइड, आणि एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतले रबरी सील खराब होतात.

पाचवी गोष्ट, मागे दात्यांच्या किती चकत्या आहेत. सात, आठ, नऊ, दहा, जितक्या असतील त्या आकड्याचीच चेन आणि चेनची टोकं जोडायला त्याच आकड्याचा जोडलिंक लागतो. बिनगिअरच्या सायकलीची चेन रुंद असते, ती गिअरच्या सायकलीला चालत नाही.

कागदाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा.

पहिली खरेदी: उभा पंप

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पंक्चरचं दुकान आहे. तिथले काका म्हणतात, "ताई, अर्धी गिऱ्हाइकं नुसती हवा न बघितल्यामुळे माझ्याकडे येतात." त्यांचा धंदा त्यावर चालतो, तेव्हा खोटं कशाला सांगतील!

घरासाठी पायाने धरायचा, दोन्ही हातांनी मारायचा आणि खाली दाबाचा काटा असलेला पंप घ्या. साधारण हजार-दीड हजारात बरा मिळतो. श्रेडर आणि प्रेस्टा दोन्हीला चालणारं तोंड आहे ना ते दुकानातच बघा. बुडाचा पाय रुंद आणि शक्यतो धातूचा हवा, प्लास्टिकचा पाय जोर लावला की डगमगतो. लांब दांड्यापेक्षा काटा मोठा आणि वाचता येईल असा असणं महत्त्वाचं.

अंगठ्याने टायर दाबून "आहे हवा" म्हणणं विसरून जा. ४० पीएसआय (हे दाबाचं माप) आणि ६० पीएसआय अंगठ्याला सारखेच कडक लागतात. टायरच्या कडेवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब लिहिलेला असतो, त्या दोन्हींच्या मध्ये राहायचं. साठ-सत्तर किलोच्या माणसाला, आत ट्यूब असेल तर, हायब्रिडच्या ३५ ते ४० मिमी टायरला ५० ते ६०, माउंटन बाइकच्या दोन इंची टायरला ३० ते ४० आणि रोडबाइकच्या २५ मिमी टायरला ८० ते ९० इथून सुरुवात करा. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा, रस्ता खराब असेल तर थोडी कमी करा. रिमवर 'हुकलेस' (म्हणजे टायर धरणारी आतली कड नसलेली) लिहिलेलं असेल तर मात्र ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय, ही वरची हद्द आहे. ती ओलांडली तर टायर रिमवरून सुटू शकतो.

पेट्रोल पंपावरची हवा अडीअडचणीला ठीक. पण तो कॉम्प्रेसर मोटारींच्या टायरसाठी असतो आणि सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते जेमतेम, त्यामुळे ती क्षणात भरते आणि पुढच्या क्षणी फुटते. थोडी थोडी भरा.

दुसरी पायरी: पंक्चर स्वतः काढायला शिका

लागणाऱ्या वस्तू: टायर काढायच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या, ज्यांना लिव्हर म्हणतात, काचपेपर, सोल्यूशनची ट्यूब आणि ठिगळं. शिवाय तुमच्या मापाची एक नवी ट्यूब. पेचकसाने टायर उचकटू नका. टायर निघतो, पण ट्यूबला नवं भोक पडतं आणि मग तुम्ही दुरुस्त करता ते तुम्हीच केलेलं पंक्चर.

घरी, वेळ असताना, चालू चाकावर एकदा सराव करा. मागचं चाक काढायचं असेल तर चेन आधी सगळ्यात छोट्या चकतीवर आणा, चाक सहज सुटतं. उरलेली हवा सोडा. टायरची कड दोन्ही बाजूंनी रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबा, म्हणजे ती सैल होते. हे न करताच लोक लिव्हरवर जोर लावतात आणि लिव्हर मोडते. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला पहिली लिव्हर घाला, थोड्या अंतरावर दुसरी, आणि ती रिमवरून सरकवत न्या. टायरची एकच कड काढायची, दोन्ही नाही.

ट्यूब बाहेर आली की थोडी हवा भरून गालाजवळ फिरवा. बारीक गळती कानापेक्षा गालाला आधी कळते. नाहीच कळली तर बादली आहेच. भोक सापडलं की ट्यूब टायरवर ठेवा, व्हॉल्व्ह व्हॉल्व्हच्या जागी, म्हणजे काटा टायरमध्ये नेमका कुठे आहे ते कळतं. टायर आतून चाचपायला बोट वापरू नका, फडका फिरवा, तो अडकेल तिथे काटा. आमच्या बाजूला शेतातल्या वाटेवर बाभळीचा काटा असतो आणि मुंबई-आग्रा महामार्गावर तार. ट्रकचे टायर फुटले की त्यांच्यातल्या पोलादी तारेचे केसाएवढे तुकडे रस्त्याच्या कडेला पसरतात, नेमके आपण चालवतो त्या पट्ट्यात. हा तुकडा डोळ्यांना दिसत नाही, फडक्यालाच अडकतो. तो न काढता नवी ट्यूब घातली तर दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर काटा शोधू नका. हवा कमी असताना खड्ड्यात चाक आदळून ट्यूब रिममध्ये चिमटली गेली आहे.

आता ठिगळ. भोकाभोवतीचा भाग काचपेपरने घासा, चमक जाईपर्यंत. ठिगळापेक्षा मोठ्या भागावर सोल्यूशनचा पातळ थर द्या. आणि थांबा. चार-पाच मिनिटं. ओल्या सोल्यूशनवर ठिगळ चिकटवणं ही नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक. त्यातला द्रव उडून गेला पाहिजे, बोट लावलं तर चिकट लागावं पण बोटाला काही येऊ नये. मग ठिगळ ठेवून जोराने दाबा, कडा विशेष. काकांच्या दुकानात हे काम झटपट होतं कारण त्यांचा हात बसलाय. तुम्ही घाई करू नका.

ट्यूब परत घालताना तिच्यात फुंकर मारल्याएवढी हवा असू द्या, म्हणजे पिळा पडत नाही. टायरची कड हातांनी बसवत या आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. शेवटचा टप्पा घट्ट जातो, पण तिथे लिव्हर वापरली की ट्यूब चिमटते. अंगठ्यांनी जात नसेल तर समोरच्या बाजूची कड पुन्हा खोलगट भागात दाबून या. हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी ट्यूब कुठे बाहेर डोकावत नाही ना ते बघा आणि व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून सोडा.

रस्त्यावर मात्र ठिगळ लावत बसू नका. ट्यूब बदला, पुढे चला, फुटलेली घरी दुरुस्त करा. चिकटवलेली ट्यूब वर्षानुवर्षं चालते. माझ्या मागच्या चाकात आत्ता आहे तिला चार ठिगळं आहेत.

तिसरी पायरी: एल-की आणि पाने

गिअरच्या सायकलीवर नव्वद टक्के बोल्ट ४, ५ आणि ६ नंबरच्या एल-कीचे असतात. २, २.५, ३ आणि ८ कधीमधी लागतात. डिस्कच्या चकतीला बहुतेक वेळा टी-२५ या चांदणीच्या आकाराची की लागते. एवढा संच चांगल्या प्रतीचा घ्या आणि पैसे वाचवायचे असतील तर इतरत्र वाचवा. हलक्या पोलादाची की मऊ असते, तिचे कोपरे गोल होतात आणि ते बोल्टचे कोपरेही घेऊन जातात. मग बोल्ट ड्रिलने काढावा लागतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा नामवंत कंपनीचा संच पुरेसा असतो, त्यावर 'सायकल' लिहिलेलं नसलं तरी चालतं. हत्यारं बनवणारे टापरिया आमच्या नाशिकचेच, सातपूरचे, त्यामुळे मी थोडी पक्षपाती आहे.

काळ्या साध्या सायकलीला एल-की जवळपास लागतच नाही. तिला दोन्ही टोकांना वेगवेगळ्या मापांची भोकं असलेला डंबेल पाना, १५ चा पाना, एक पेचकस आणि पक्कड. डंबेल पाना स्वस्त आणि ढिला असतो, तात्पुरत्या कामाला ठीक, पण घट्ट नटाला साधा रिंग पानाच बरा.

किती घट्ट करायचं हा खरा प्रश्न. हँडलच्या पुढच्या पट्टीवर '५ एनएम' असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे पाच न्यूटन-मीटर. डोळ्यांसमोर आणायचं तर बोल्टपासून दहा सेंटिमीटरवर पाच किलोची पिशवी टांगली तर जेवढा पीळ बसेल तेवढा. पुरुषी जोराची इथे काही गरज नसते. चार बोल्ट असतील तर एक पूर्ण आवळून मग दुसरा असं करू नका. कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, थोडं थोडं. सायकल कार्बनची असेल तर टॉर्क रेंच, म्हणजे पीळ मोजणारा पाना, घ्याच, अ‍ॅल्युमिनियम किंवा पोलादाची असेल तर पहिल्या वर्षी नाही घेतला तरी चालेल.

पायडल ही खास बाब. उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे, डाव्याचे उलटे. लक्षात ठेवायची माझी युक्ती: पाना वरच्या बाजूला उभा धरून पुढच्या चाकाकडे ढकलला की घट्ट, मागच्या चाकाकडे ओढला की सैल, दोन्ही बाजूंना. हे माहीत नसताना मी डावं पायडल काढायला नळाच्या पाइपचा तुकडा पान्यावर चढवून तासभर ते घट्ट करत होते. बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले दोन-तीन फेरे पान्याशिवाय, बोटांनीच द्या. बोटांनी जात नसेल तर आटे तिरके लागले आहेत, परत काढा. पायडल मोडलं तर नवं मिळतं, पण क्रँकचे, म्हणजे पायडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटे गेले तर क्रँकच बदलावा लागतो. सीटच्या दांड्यालाही ग्रीस लावायची सवय ठेवा, नाहीतर दोन पावसाळ्यांनी तो आतच पकडतो. त्यासाठी मोटारींच्या दुकानातला ग्रीसचा छोटा डबा वर्षभर पुरतो.

चेन: इथे वेळ द्या

चेनला तेल म्हणून लोक काय काय घालतात! शिवणयंत्राचं तेल, गाडीचं जुनं इंजिन ऑइल, एकाने खोबरेल. शिवणयंत्राचं तेल पातळ, एका पावसात धुऊन जातं. इंजिन ऑइल टिकतं, पण धूळ ओढून घेतं आणि धूळ अधिक तेल म्हणजे काचपेपर. आणि गंज सोडवायचे स्प्रे. डब्ल्यूडी-४० हे नावच मुळी पाणी हटवणाऱ्या द्रवाच्या चाळिसाव्या प्रयोगावरून १९५३ मध्ये पडलं. अडकलेला नट सोडवायला ते उत्तम, पण त्याचा मूळ निळा-पिवळा डबा चेनचं तेल म्हणून टिकत नाही. चेनसाठी बनवलेलं तेलच घ्या: कोरड्या दिवसांत 'ड्राय', जून ते सप्टेंबर 'वेट'. शंभर मिलिलिटरची बाटली बरेच महिने जाते.

घालायची रीत अशी. जुन्या बनियनच्या फडक्यात चेन धरा आणि पायडल उलटं फिरवत ती पुसून घ्या. फार मळली असेल तर आधी डीग्रीझर (तेलकट मळ काढणारा द्रव) किंवा थोडं डिझेल, जुना टूथब्रश, मग साबणाचं पाणी, मग पूर्ण वाळू द्या. ओल्या चेनला तेल घालू नका. आता चेनच्या आतल्या बाजूला, म्हणजे चकत्यांवर बसणाऱ्या बाजूला, प्रत्येक रोलरवर एक एक थेंब. सुरुवातीच्या लिंकला खडूची खूण करा, म्हणजे शंभराहून जास्त लिंकांचा फेरा कुठे संपला ते कळेल. पायडल वीसेक वेळा फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि मग बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. हे शेवटचं लोकांना पटत नाही. तेल पिन आणि रोलरच्या मधे हवं असतं, बाहेरचं फक्त धूळ ओढतं आणि पँटचा उजवा पाय रंगवतं.

चेन झिजली का, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी चेन चेकर नावाची पट्टी मिळते, पण सुताराची पोलादी टेपही चालते. चेनची एक पूर्ण जोडी, म्हणजे एक आतला आणि एक बाहेरचा लिंक, बरोबर एक इंचाची असते. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा: नवी चेन असेल तर बारा इंचांच्या रेघेवर बरोबर एका पिनेचा मध्य येतो. तो दीड मिलिमीटर पुढे सरकला असेल तर चेन बदला. तीन मिलिमीटर सरकला असेल तर झिजलेल्या चेनने मागच्या चकत्यांचे दातेही आपल्यासारखे करून घेतले असतील, आणि नवी चेन त्यांच्यावर घसरेल. एका चेनच्या पैशात भागणारं काम मग चेन आणि कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, दोन्हींवर जातं.

ब्रेक आणि गिअर, थोडक्यात

डिस्क ब्रेकच्या आसपास कुठलाही स्प्रे मारू नका. एकदा तेल चकतीला दाबणाऱ्या पॅडमध्ये मुरलं की ब्रेकची चकती अल्कोहोलने पुसून साफ होते, पॅड मात्र बहुधा टाकूनच द्यावे लागतात. मी मागच्या चकतीवर चमक यावी म्हणून स्प्रे मारला होता, पांडवलेण्यांच्या पायथ्यापर्यंत सायकल हत्तीसारखी चीत्कारत आली. तेलाचे डिस्क ब्रेक असतील आणि चाक काढलेलं असेल तर ब्रेकची लिव्हर दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात. मधे पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवा. रिमवरचे ब्रेक असतील तर रबरावरच्या खाचा मिटल्या की ते बदला, आणि महिन्यातून एकदा रबरात रुतलेले खडे-धातूचे कण टोकदार पेचकसाने काढा. घाट उतरण्याआधी हे बघितलंच पाहिजे.

गिअर अडखळत असेल तर मागच्या गिअरयंत्रणेत केबल शिरते तिथली गोल चाकी पाव फेरा फिरवून बघा. चेन मोठ्या चकतीवर चढायला नखरे करत असेल तर घड्याळाच्या उलट, उतरायला करत असेल तर घड्याळाप्रमाणे. तिथेच एच आणि एल अशी खूण असलेले दोन स्क्रू असतात. त्यांना हात लावू नका. ते चेन दोन्ही टोकांना कुठवर जाऊ शकते ते ठरवतात, आणि बिघडले तर चेन आऱ्यांमध्ये शिरते. सायकल आडवी ठेवायची वेळ आली तर गिअरयंत्रणा वर राहील अशी, डाव्या कुशीवर ठेवा.

जोडीच्या वस्तू

दिव्यांपासून सुरुवात करा. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. पुढचा पांढरा दिवा, रस्त्यावर खांब असतील तर साधा चालतो, कारण तो तुम्ही दिसावं म्हणून असतो. त्र्यंबक रोडला शहर संपल्यावर मात्र तुम्हाला खड्डा दिसायला हवा, तिथे तीन-चारशे ल्युमेनच्या खाली जाऊ नका, आणि दिवा थोडा खाली झुकवा, समोरच्याच्या डोळ्यांत मारू नका. बीआरएम नावाच्या, ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड्सना रात्री दिवे आणि चमकणारं जॅकेट सक्तीचं असतं, ते उगीच नाही.

हेल्मेटवर युरोपचा ईएन १०७८ किंवा अमेरिकेचा सीपीएससी हा सुरक्षेचा शिक्का बघा. भुवयांच्या वर दोन बोटं, पट्ट्यांचा व्ही कानाखाली, हनुवटीखाली एक बोट मावेल इतका पट्टा. एकदा जोरात आपटलं की बाहेरून ठीक दिसलं तरी बदला, आतला थर्माकोल दबलेला असतो.

कुलूप यू आकाराचं. बारीक केबलचं कुलूप पक्कडीने तुटतं. यू कुलूप फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही अडकवून खांबाला लावा. मडगार्ड पावसाळ्यात पाठ वाचवतात आणि चेनही. ते बघायला कुरूप दिसतात म्हणून मी दोन वर्षं लावले नाहीत, आता काढत नाही. घंटी लावा. मोबाइलचा होल्डर, रंगीत व्हॉल्व्ह टोप्या, चाकातले लुकलुकणारे दिवे, याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

एक वस्तू मात्र घेऊ नका: गाड्या धुण्याच्या केंद्रावरचा जोराचा फवारा. त्या दाबाने पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि ग्रीस बाहेर येतं. बादली, मग आणि फडका.

दुकानासाठी काय सोडायचं

चाक आऊट निघालं असेल, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे हेलकावत असेल, तर आऱ्या पिळायची किल्ली घरी ठेवू नका, निदान पहिल्या वर्षी. एक आरी आवळली की तिच्या शेजारणी रुसतात, आणि तासाभरात रिम वेडीवाकडी होते. काळ्या सायकलीची कॉटर पिन (पायडलचा दांडा धरून ठेवणारी), छर्रे बदलणं, तेलाच्या ब्रेकमधली हवा काढणं हेही दुकानातच. वर्षातून एकदा पूर्ण सोडून-जोडून घ्या, पावसाळा संपल्यावर. आपल्याकडे त्याला 'ओव्हरऑइलिंग' म्हणतात. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, पण तेल घालण्याचं काम आहेच तर आपण शब्दातही घातलं. माझी सायकल दसऱ्याच्या आठवड्यात जाते, म्हणजे खंडेनवमीला हत्यारांसोबत ती धुतलेली पूजेला असते.

पाठीवरची थैली

नाशिकहून दरवर्षी आषाढीआधी पंढरपूरला सायकल वारी जाते. तीत सगळ्या वयांचे लोक आणि सगळ्या जातीच्या सायकली असतात, त्यामुळे कोणाला काय लागतं ते तिथे बघायला मिळतं. मागितल्या जातात त्या वस्तू ठरलेल्या: ट्यूब, पंप, एल-की.

म्हणून सीटखालच्या थैलीत: तुमच्या मापाची एक ट्यूब, दोन लिव्हर, सोल्यूशन आणि ठिगळं, घडीची मल्टीटूल ज्यात ४, ५, ६ आणि चेन कटर असेल, तुमच्या चेनच्या आकड्याचा एक जोडलिंक, नट असतील तर १५ चा पाना. फ्रेमला अडकवलेला छोटा पंप. त्याने रोडबाइकच्या टायरला दोनशेच्या वर हात मारावे लागतात, हे घरी एकदा करून बघा म्हणजे रस्त्यावर धक्का बसणार नाही. थैलीच्या तळाला रिकाम्या टूथपेस्टच्या ट्यूबचा बोटभर तुकडा कापून ठेवा. टायरच फाटला तर तो आतून फाट्यावर ठेवायचा, ट्यूब बाहेर येत नाही आणि घरापर्यंत पोचता येतं. मल्टीटूल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, ट्यूबलाही वेगळं गुंडाळा. नाहीतर हत्याराचं टोक घासून घासून नव्या ट्यूबला थैलीतच भोक पडतं.

आणि सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आतल्या आत वाळून जाते, बाहेरून मात्र भरलेली दिसते. तिच्यावर उघडल्याची तारीख पेनाने लिहा.